सांगणारा आणि विचारणारा : दापोली तालुक्याच्या इतिहासांतील एक धडा

वर्गांत गुरुजी हातांत पुस्तक धरून विचारतात, ‘हें काय आहे?’ आणि मुलें एका सुरांत उत्तर देतात, ‘हें पुस्तक आहे.’ परकी भाषा शिकविण्याची ही रीत इतकी रूढ होऊन बसली आहे कीं, तींतील विनोद सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. विचारणारास उत्तर ठाऊक असतें. आणि त्यास तें ठाऊक आहे, हें उत्तर देणारासही ठाऊक असतें. घरीं आईनें असला प्रश्न केला, तर मूल तिच्या तोंडाकडे पाहत राहील. आई विचारते, ‘मी देवळांत गेलें होतें तेव्हां कोण आलें होतें रे?’ आणि तें तिला खरोखरच ठाऊक नसतें. मग मूल अडखळत, चुकत, हातवारे करीत पाहुण्याची पगडी, त्याची पिशवी, त्यानें सांगितलेला निरोप, सारें कांहीं सांगूं लागतें; आणि सांगतां सांगतां बोलावयास शिकतें. शाळेंतील प्रश्नांत भाषा आहे, पण गरज नाहीं. आईच्या प्रश्नांत गरज आहे, म्हणून भाषा तिच्या मागोमाग येते.

हा भेद ओळखून भाषाशिक्षणाच्या शास्त्रानें गेल्या अर्धशतकांत एक नवी रीत प्रचारांत आणिली. दोन विद्यार्थ्यांना एकाच गांवाचे दोन नकाशे द्यावयाचे. एकांत निम्मीं नांवें असावयाचीं, दुसऱ्यांत उरलेलीं निम्मीं. एकमेकांचा कागद पाहावयाचा नाहीं. विचारून आणि सांगून दोघांनींही आपापला नकाशा पुरा करावयाचा, आणि मग जें कळलें तें चार वाक्यांत लिहून काढावयाचें. आपल्या देशांत ह्या विचाराचा मोठा प्रयोग श्री. एन. एस. प्रभु ह्यांनीं १९७९ ते १९८४ ह्या काळांत दक्षिणेकडील कांहीं शाळांतून केला. व्याकरणाचे धडे बाजूस ठेवून आगगाडीचें वेळापत्रक, नकाशे अशा साधनांवरून मुलांना इंग्रजींतून विचार करावयास लावणें, हें त्याचें स्वरूप होतें. त्याची मीमांसा त्यांनीं १९८७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. एकास ठाऊक आहे आणि दुसऱ्यास नाहीं, अशी माहितीची दरी मध्यें असावी व ती भाषेच्या पुलानेंच ओलांडावी लागावी, हें ह्या रीतीचें एक प्रमुख अंग होय.

नांव नवें असलें तरी गोष्ट नवी नाहीं. रत्‍नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागांतील दापोली तालुक्याचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास चाळला, तर ही दरी आणि हे पूल तेथें जागोजाग आढळतात. आणि एके ठिकाणीं पूल मुद्दाम बांधूं न दिल्याचेंही आढळतें. तो इतिहास एकत्र पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थलाविषयीं दोन शब्द. पेशवाईच्या अंतीं कोंकण इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर दापोलीची उंच, थंड हवा पाहून त्यांनीं तेथें लष्कराचें ठाणें केलें. त्यामुळें ‘कँप दापोली’ हें नांव लोकांच्या तोंडीं बसलें. समुद्राकडे हर्णै बंदर आणि त्यासमोर पाण्यांत उभा असलेला सुवर्णदुर्ग. त्याच्या दक्षिणेस मुरूड (जंजिऱ्याजवळचें मुरूड तें निराळें), उत्तरेस आंजर्लें, आणि आंत डोंगराच्या बाजूस पालगड. खाडीकाठचे कोळी आणि दालदी, बागायती करणारे ब्राह्मण, वरकस जमीन कसणारे कुणबी, पलटणींतून पेन्शन घेऊन आलेले महार व मराठे शिपाई, आणि मधूनमधून इंग्रज अंमलदार व पाद्री, अशी ही वस्ती. इतक्या निरनिराळ्या बोलींचीं माणसें जेथें जवळ जवळ राहतात, तेथें एकमेकांस कांहींतरी विचारल्यावांचून कोणाचेंच चालत नाहीं.

ह्या किनाऱ्यावर १८२९ सालीं एक विद्यार्थी आला. त्याचें नांव जॉन विल्सन. मुंबईचें विल्सन कॉलेज ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, तेच हे. स्कॉटिश मिशनचें काम बाणकोट व हर्णै येथें १८२३ सालापासून सुरू झालें होतें. फेब्रुवारी १८२९ मध्यें विल्सन आपली पत्‍नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस उतरले आणि मराठी शिकण्याकरितां ह्या बाजूस आले. त्या काळीं मराठी शिकूं पाहणाऱ्या परक्या माणसापाशीं साधनें तरी काय होतीं? विल्यम कॅरे ह्यांचें व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं छापला गेला होता. परंतु तीं कामें दूर बंगालमध्यें, नागपूरकडील वैजनाथ पंडितांच्या साह्यानें झालेलीं. मोल्सवर्थ ह्यांचा सुप्रसिद्ध कोश छापून निघावयास अजून दोन वर्षें, स्टीव्हन्सन ह्यांच्या व्याकरणास चार वर्षें, आणि दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणास सात वर्षें अवकाश होता. तेव्हां पुस्तकांतून जें मिळत नव्हतें तें माणसांकडून घ्यावें, ह्यावांचून गत्यंतर नव्हतें. बंदरावर जाऊन मासळीचें नांव विचारावें, तर सांगणाऱ्यास तें ठाऊक आणि विचारणाऱ्यास ठाऊक नाहीं; आणि ‘तुमच्या मुलखांत ह्याला काय म्हणतात?’ असें उलट विचारलें, कीं पारडें फिरलें. अशा देवघेवींत शिक्षक कोण आणि शिष्य कोण, हें क्षणोक्षणीं बदलत असतें.

ह्या शिक्षणाचें फळ काय आलें, तें प्रसिद्धच आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस विल्सन मुंबईस परतले. आणि १८३१ सालीं मोरभट दांडेकर ह्यांच्याशीं त्यांचा जो जाहीर वाद झाला, त्यांत तो विद्यार्थी आपल्या शिकलेल्या भाषेंत, त्या भाषेच्या धन्यांसमोर उभा राहिला. वादांत कोण जिंकलें, हा प्रश्न येथें अप्रस्तुत आहे. दोन वर्षांपूर्वीं ज्यास मराठीचें अक्षरही येत नव्हतें, त्याशीं एका शास्त्र्यानें मराठींत वाद करावा आणि लोकांनीं तो ऐकावयास जमावें, एवढीच गोष्ट आपल्या कामाची. मार्गारेट विल्सन ह्यांनींही मराठी शिकून मुंबईंत मुलींच्या शाळा काढिल्या. धर्माच्या हेतूनें आलेल्या ह्या जोडप्याला भाषा आली ती, त्यांना कांहीं सांगावयाचें होतें आणि कांहीं विचारणें प्राप्त होतें, म्हणून.

ह्याच सुमारास दुसऱ्या बाजूनेंही पूल बांधण्यास आरंभ झाला होता. कोंकणांतीलच पोंभुर्लें गांवच्या बाळशास्त्री जांभेकरांनीं ता. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस ‘दर्पण’ पत्र सुरू केलें. त्याच्या पानावर एका रकान्यांत इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यांत मराठी मजकूर असे. आज ह्या दोन रकान्यांचें आपणांस कांहींच वाटत नाहीं. परंतु इंग्रजी शिकणाऱ्या तरुणास त्यांत एक शाळाच मिळाली होती. बातमी एकच, भाषा दोन. एका रकान्यांत अडलें, तर दुसऱ्यांत पाहावें. आणि पाहण्याची इच्छा कशानें होई? तर बातमी काय आहे हें जाणण्याच्या उत्कंठेनें. शिकण्याचें निमित्त शब्द नव्हता, वर्तमान होतें.

वर्तमानपत्र हें भाषेची शाळा कसें होतें, ह्याचें ह्याहूनही बोलकें उदाहरण दापोली तालुक्यांतच सांपडतें. तें मुरूडचें होय. महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म ता. १८ एप्रिल १८५८ रोजीं शेरवली येथें, आजोळीं झाला. त्यांचें बालपण मुरूडास गेलें. तेथें सोमण मास्तर म्हणून एक मोठे कळकळीचे शिक्षक होते. गांवच्या लोकांस जगांतील वर्तमान कळावें, अशी त्यांची तळमळ असे. त्यांच्या प्रेरणेनें दुर्गादेवीच्या देवळांत लोकांना वर्तमानपत्रें वाचून दाखविण्याचें काम ह्या मुलाकडे आलें. कर्व्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत सोमण मास्तरांचें ऋण मोठ्या कृतज्ञतेनें मान्य केलें आहे, आणि आपल्या भिडस्त, लाजाळू स्वभावाचीही मोकळेपणानें कबुली दिली आहे. ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे देवळांतील त्या वाचनाचें मोल कळतें.

कल्पना करून पाहावी. समोर वडील माणसें बसलीं आहेत. त्यांस पोथी ऐकण्याची संवय. पुराणिकाची गोष्ट त्यांना आधींच ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही ती पुन्हां ऐकण्यांत पुण्य असतें. पण आज मुलाच्या हातीं असलेल्या कागदांत काय आहे, हें त्यांपैकीं कोणासही ठाऊक नाहीं. तो कागदही सोप्या भाषेंत लिहिलेला नाहीं. त्या काळच्या पत्रांचें मराठी म्हणजे संस्कृत शब्दांनीं आणि इंग्रजी वाक्यरचनेनें जड झालेलें. मुलानें तें घडाघडा वाचलें, तर ऐकणारा म्हणणार, ‘अरे, पण म्हणजे काय तें सांग.’ येथें पाठांतर उपयोगी पडत नाहीं. वाचलेलें समजून घ्यावें लागतें, आपल्या गांवच्या भाषेंत उतरवावें लागतें, उलट प्रश्नास उत्तर द्यावें लागतें. लाजाळू मुलास ‘भाषण कर’ म्हटलें, तर तो पळून जाईल. परंतु आपणांस ठाऊक असलेली आणि दुसऱ्यांस हवी असलेली वस्तु हातीं आहे, अशी त्याची खात्री पटली, कीं त्याची लाज थोडी थोडी मागें पडते; कारण लोकांचें लक्ष त्याच्याकडे नसतें, तें वर्तमानाकडे असतें. पुढें अनाथ विधवांसाठीं, मुलींच्या शिक्षणासाठीं दारोदार हिंडून जो पुरुष परक्या माणसांपुढें आपलें म्हणणें मांडूं शकला, त्याची पहिली तालीम दुर्गादेवीच्या देवळांत झाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्याच मुलाच्या आयुष्यांतील दुसरा एक प्रसंग सर्वश्रुत आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याकडे क्वचितच कोणीं पाहिलें असेल. १८७५ सालीं सरकारी परीक्षेस बसण्याकरितां कर्वे सोबत्यांबरोबर मुरूडाहून निघाले आणि डोंगर-घाट तुडवीत, शंभर मैलांहून अधिक वाट चालून साताऱ्यास पोंचले. परीक्षेस सतरा वर्षांची अट होती. त्यांची शरीरयष्टि लहान. परीक्षकांस तें वय खरें वाटेना, आणि दाखला असूनही त्यांना परत पाठविण्यांत आलें. ह्या कथेंतील अन्याय सर्वांस दिसतो. आम्हांस तींत आणखी एक गोष्ट दिसते. चार दिवस चालून आलेल्या त्या मुलापाशीं सांगण्यासारखें केवढें तरी होतें. पण त्याला कांहीं विचारावें असें परीक्षेला वाटलें नाहीं. देवळांत ऐकणाऱ्यांना मुलाचें वय नको होतें, त्याजवळची माहिती हवी होती. परीक्षागृहांत त्याचें वय पाहिलें गेलें, त्याला काय येतें तें पाहिलेंच गेलें नाहीं. आपल्या शिक्षणांत पुढेंही किती काळ देवळाची रीत मागें पडून परीक्षागृहाची रीत चालत राहिली, हें सांगावयास नको.

मुरूडचें देवूळ हें एक नांव असलेलें उदाहरण झालें. बिननांवाचीं उदाहरणें तर घरोघर होतीं. कोंकणांतील पुरुष मुंबईस चाकरीला आणि बायकामुलें गांवीं, ही त्या प्रांताची जुनी घडण. १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें आणि १८८० सालापासून पोस्टांतून मनिऑर्डरी जाऊं लागल्या. तेव्हांपासून शाळेंत चार अक्षरें शिकलेल्या मुलाला गांवांत एक मोठाच हुद्दा मिळाला. शेजारची म्हातारी कार्ड घेऊन येई आणि म्हणे, ‘बाळा, वाच रे काय लिहिलंन् तें.’ मग उत्तर लिहावयाचें. ती बोले आपल्या बोलींत, भरभर, मधेंच रडत, मधेंच दुसऱ्याच गोष्टीकडे वळत. आणि मुलानें तें ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंति विशेष’ ह्या मायन्याखालीं, कार्डाच्या तेवढ्याशा जागेंत, मुंबईच्या चाळींतील मुलाला कळेल असें बसवावयाचें. काय ठेवावें, काय गाळावें? गाय व्याली हें आधीं, कीं घराची कौलें गळतात हें आधीं? एवढा कठीण निबंध कोणत्याही परीक्षेंत घातला गेला नसेल. आणि त्याचे गुणही लगेच मिळत: पुढच्या कार्डांत मुंबईच्या मुलानें ‘कळलें नाहीं, स्पष्ट लिहा’ असें लिहिलें, कीं लेखक नापास!

येथवर पूल बांधल्याच्या गोष्टी झाल्या. आतां तो बांधूं न दिल्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ती गाळली तर हा इतिहास अर्धाच राहील.

दापोलीच्या पेन्शनर वस्तींत महार शिपायांचीं पुष्कळ कुटुंबें होतीं. कंपनीच्या व पुढें राणीच्या पलटणींत नोकरी केल्यामुळें ह्या लोकांस अक्षराची गोडी लागली होती. पलटणींतील शाळांतून त्यांचीं मुलें शिकत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, ह्यांनीं लष्करी शाळेंत शिक्षक म्हणून काम केलें होतें; पेन्शन झाल्यावर हें कुटुंब कांहीं काळ दापोलीस येऊन राहिलें. अशा वस्तींतील बापांनीं १८९० नंतरच्या दोनचार वर्षांत आपलीं मुलें गांवच्या म्युनिसिपल शाळेंत घ्यावीं, म्हणून अर्ज केले. त्यावरून गांवांत मोठा वाद माजला. मुलांस घ्यावें कीं नाहीं, आणि घेतलें तर तीं वर्गांत बसावीं कीं शाळेच्या पडवींत, हा वादाचा मुद्दा होता. 

पडवींत बसणें म्हणजे काय, ह्याचा विचार आपण बहुधा अपमानाच्या अंगानें करितों, आणि तो योग्यच आहे. परंतु भाषा शिकण्याच्या अंगानेंही तो केला पाहिजे. पडवींतील मुलास गुरुजींचा आवाज ऐकूं येईल, फळ्यावरील अक्षरही कदाचित् दिसेल. त्याला मिळणार नाहीं ती एकच गोष्ट: त्याला कोणी कांहीं विचारणार नाहीं. शेजारचा मुलगा पाटी पुढें करून ‘तुझें उत्तर काय आलें?’ म्हणणार नाहीं. त्यानें प्रश्न केला, तर तो उंबऱ्यावरच थांबेल. माहितीची दरी तेथें होती, आणि फार मोठी होती; वर्गांतील मुलांना पलटणींतल्या घरांचें आयुष्य ठाऊक नव्हतें, आणि पडवींतील मुलांना ब्राह्मणआळीचें. दोघांपाशींही एकमेकांस सांगण्याजोगा अर्धा अर्धा नकाशा होता. पण तो पुरा करण्यास दोघांनीं समोरासमोर बसावें लागतें, आणि नेमकें तेंच नको होतें. ह्यांत पडवींतील मुलांचें नुकसान झालें हें उघड आहे. वर्गांत बसलेल्यांचेंही झालें, हें तितकें उघड नाहीं, पण तितकेंच खरें आहे.

ज्यांना कोणी विचारीत नव्हतें, त्यांनीं मग आपणच विचारावयास आरंभ केला. महाडजवळच्या रावदूळचे गोपाळ बाबा वलंगकर हे १८८६ सालीं पलटणींतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा संस्कार होता, आणि ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून ते लिहीत असत. १८८८ सालीं त्यांनीं ‘विटाळ विध्वंसन’ हें लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत अस्पृश्यतेस आधार काय, असे प्रश्न विद्वानांपुढें मांडले आहेत. हे शाळेंतले प्रश्न नव्हत. उत्तर असेल तर द्या, नसेल तर तसें कबूल करा, असा त्यांचा रोख होता. पुढें सैन्यांत महारांची भरती बंद झाली, तेव्हां ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’च्या वतीनें १८९४ सालीं त्यांनीं सरकारकडे करावयाचा अर्ज तयार केला. आपल्या लोकांनीं केलेली चाकरी ज्यांना ठाऊक नाहीं, किंवा ठाऊक असून आठवत नाहीं, त्यांना ती सांगावी, हा त्याचा उद्देश. पलटणींत अक्षर शिकलेला एक शिपाई आपल्या समाजाची हकीकत सरकारच्या भाषेंत, सरकारला कळेल अशा रीतीनें मांडावयास बसतो, ह्याहून खडतर लेखनपाठ कोणता असूं शकेल?

ह्यानंतर थोड्याच वर्षांनीं त्याच तालुक्यांतील पालगड येथें ता. २४ डिसेंबर १८९९ रोजीं पांडुरंग सदाशिव साने ह्यांचा जन्म झाला. पालगडच्या मराठी शाळेंतून ते दापोलीच्या मिशन हायस्कुलांत शिकावयास आले. भारतरत्‍न पांडुरंग वामन काणे हेही त्यांच्या आधीं ह्याच शाळेचे विद्यार्थी. ‘श्यामची आई’ हें पुस्तक सानेगुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, हें प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. त्याची मांडणी मात्र लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांतील श्याम रोज रात्रीं आश्रमांतील सोबत्यांना आपल्या आईची एक एक आठवण सांगतो. ऐकणाऱ्यांनीं ती आई पाहिलेली नाहीं. सांगणाऱ्यानें पाहिली आहे. सारें पुस्तक ह्या एका दरीवर बांधलेला पूल आहे, आणि म्हणूनच त्याची भाषा इतकी सरळ आहे.

परंतु शिक्षक ह्या नात्यानें गुरुजींनीं जें केलें, तें आमच्या विषयास अधिक जवळचें आहे. १९२४ पासून १९३० पर्यंत ते खानदेशांत अंमळनेर येथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते आणि छात्रालयाची देखरेखही त्यांच्याकडे होती. छात्रालयांतील मुलांसाठीं ते हातानें लिहून रोज एक पत्र काढीत. त्यास ‘छात्रालय दैनिक’ म्हणत. १९२८ सालीं त्यांनीं ‘विद्यार्थी’ नांवाचें मासिकही सुरू केलें. रोज शाळा शिकवून, मुलांचें सारें पाहून, पुन्हां रात्रीं बसून एका वसतिगृहापुरतें दैनिक हातानें लिहावयाचें, हा उद्योग कोणासही वेडेपणाचा वाटेल. पण मुरूडच्या देवळांतील वर्तमानपत्रानंतर अर्ध्या शतकानें पालगडच्या ह्या माणसानें तीच खूण ओळखली होती. क्रमिक पुस्तकांत काल जें होतें तेंच उद्यां असतें. दैनिकांत आज काय आहे, हें उघडून वाचल्याशिवाय कळत नाहीं. जें वाचल्याशिवाय कळत नाहीं आणि कळल्याशिवाय राहवत नाहीं, तें मूल वाचतेंच.

१९४९ सालच्या पुण्याच्या साहित्यसंमेलनांत गुरुजींनीं ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनीं एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांचें जीवन जाणावें, हें तिचें सार. त्यांत भाषा हें साध्य नसून शेजाऱ्याची ओळख हें साध्य आहे. बंगाल्याच्या घरीं काय शिजतें, तमिळ आई मुलाला काय म्हणून निजविते, हें मला ठाऊक नाहीं आणि त्याला ठाऊक आहे. तर त्याच्याच भाषेंत तें विचारावें. वर्गांतल्या दोन मुलांच्या अर्ध्या अर्ध्या नकाशांचा खेळ त्यांनीं साऱ्या देशाच्या मापानें कल्पिला होता, असें म्हटलें तरी चालेल.

येथें कोणी आक्षेप घेईल, कीं मग व्याकरण आणि पाठांतर व्यर्थच काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेनें आणि तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेनें महाराष्ट्राच्या किती पिढ्यांना संस्कृत व इंग्रजी शिकविलें, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या मुलाला अक्षर आणि मायना शाळेनेंच दिला होता. वाचणारा मुलगा मुळाक्षरें घोकूनच देवळांत आला होता. आणखी एक सावधगिरी स्वतः प्रभूंनींच दिली आहे. केवळ माहिती एकाच्या कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर नेणें हें पुरेसें नाहीं, त्या माहितीवरून कांहीं निष्कर्ष काढावा लागावा, हें त्यांस अधिक फलदायी वाटलें. ‘गाडी नऊ वाजतां सुटते’ एवढें सांगणें म्हणजे निरोप पोंचविणें. ‘तर मग दहाच्या लग्नाला आपण पोंचूं का?’ येथें भाषेबरोबर बुद्धि चालूं लागते. कागद नुसता वाचून दाखविणें म्हणजे निरोप. ‘पण म्हणजे काय?’ ह्या प्रश्नाला उत्तर देणें म्हणजे शिक्षण. पाठांतरानें सामग्री मिळते. ती हातीं चालते ती मात्र कोणी खरोखर विचारलें म्हणजे.

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षां अधिक निकडीचा झाला आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांतील पुष्कळ मुलें इंग्रजी शाळांत जातात. त्यांना मराठी कळतें, पण बोलतां बोलतां तीं अडतात आणि लिहावयास तर बसतच नाहींत. परदेशीं गेलेल्या कुटुंबांत हीच गोष्ट आणखी एक पाऊल पुढें गेली आहे. मग आपण त्यांना बाराखडी गिरवावयास लावितों, म्हणी पाठ करवितों, आणि पाहुण्यांपुढें श्लोक म्हणावयास उभें करितों. ह्यांत वाईट कांहीं नाहीं. पण पाहुण्यांना तो श्लोक आधींच येत असतो. मुलाला तें ठाऊक असतें. म्हणून तें एका दमांत म्हणून टाकतें आणि खेळावयास पळतें.

त्याऐवजीं आजीनें मुलाला असें कांहीं विचारावें, जें तिला खरोखरच ठाऊक नाहीं. तुझ्या शाळेंत दुपारच्या सुटींत काय होतें? तुझ्या गल्लींत हिमवर्षाव झाला म्हणजे रस्ता कोण साफ करतें? आणि मुलानें आजीला असें विचारावें, जें त्याला कोठल्याही पडद्यावर सांपडणार नाहीं. तुझ्या लहानपणीं हर्णैच्या बंदरावर बोटींतून माणसें उतरत, तीं किनाऱ्यापर्यंत कशीं येत? मग जें कळलें तें त्यानें आईसाठीं चार ओळींत लिहून ठेवावें. कारण आई तेव्हां कचेरींत होती आणि तिला तें ठाऊक नाहीं. ह्यास खर्च नाहीं, पुस्तक नाहीं, शिकवणी नाहीं. विचारणाऱ्यास उत्तराची खरी चाड मात्र असली पाहिजे. ती नसली, तर मूल तें तत्काळ ओळखतें.

आणि शाळांविषयीं एकच मागणें. वर्गांत अजूनही पडव्या आहेत. त्या दगडामातीच्या नाहींत, इतकेंच. मागच्या बांकावरचें मूल, घरीं निराळी बोली बोलणारें मूल, परप्रांतांतून आलेल्या मजुराचें मूल, ह्यांना गुरुजींचा आवाज ऐकूं येतो. त्यांना विचारीत मात्र कोणी नाहीं. वस्तुतः वर्गांत सर्वांत अधिक सांगण्यासारखें त्यांच्याचपाशीं असतें, कारण त्यांना ठाऊक असलेलें इतरांस ठाऊक नसतें. दापोलीच्या इतिहासाचा धडा घ्यावयाचा, तर तो हाच, कीं भाषा वाढते ती ज्याला ठाऊक आहे त्याला विचारल्यानें. मुरूडच्या देवळांतील वडील माणसांनीं एका लाजाळू मुलाला विचारलें, ‘अरे, म्हणजे काय?’ तेवढा प्रश्न आपल्या प्रत्येक वर्गांत, पडवींतल्या मुलाकडे तोंड करून, रोज एकदां तरी विचारला जावा.